बिनकारणाची रजा

"रजेचं काय घेऊन बसलात! अहो, आमच्या कारखान्यात रजा देतो कोण? मीच देतो. रजेचा कायदा मला झोपेतून उठवून विचारा."

कुंदनने हे फोनवर इतक्या ठसक्यात सांगितलं की जळगावातल्या पिंप्राळ्याच्या त्याच्या घरात चहा गाळणारी त्याची आई, शेवंताबाई, क्षणभर गाळणी हातात धरून उभीच राहिली. पलीकडे धुळ्याला कामिनी नुसती "बरं" म्हणाली.

ते "बरं" साधं नव्हतं. कुंदन-कामिनीचा पाहण्याचा कार्यक्रम आतापर्यंत तीनदा ठरला होता आणि तीनदा मोडला होता. दर वेळी धुळ्याला पोहे भिजले, कामिनीच्या वडिलांनी, अभिमन आबांनी, दाढी केली, आणि दर वेळी जळगावहून निरोप गेला की आज माल जायचाय, साहेबांना निघता येत नाही. कामिनी धुळ्याच्या एका कापड दुकानात हिशेब बघायची. दुकानांच्या कायद्याने तिला वर्षाला आठ किरकोळ रजा. त्यातल्या तीन या न आलेल्या नवरदेवासाठी गेल्या होत्या.

"माझ्या तीन रजा तुमच्या पोह्यांत बुडाल्या," ती म्हणाली. "बुधवारची चौथी. या वेळी नाही आलात तर मी समजेन की तुम्हाला लग्नालाही सुट्टी मिळणार नाही. मग त्या कारखान्याशीच संसार थाटा."

"येणार म्हणजे येणार!"

"आणि एक विचारू? तुम्ही रजा देता म्हणे. आतापर्यंत किती जणांना दिलीत?"

कुंदन घाईघाईने म्हणाला, "रेंज जातेय." रेंज कुठेही गेली नव्हती.

खरं असं होतं की कुंदनने एकालाही रजा दिलेली नव्हती. न द्यायला काही तो कंजूष नव्हता. मागायलाच कोणी आलं नव्हतं. जळगावच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकच्या चटया विणणारा तो कारखाना. कुंदन तिथे चार महिन्यांपूर्वी कामगार अधिकारी म्हणून लागला. पहिल्याच दिवशी त्याने टेबलाच्या डाव्या खणात रजेच्या कोऱ्या अर्जांचा गठ्ठा ठेवला होता. चार महिन्यांत त्या गठ्ठ्यातला एकच कागद कमी झाला, आणि तोही त्याने स्वतः चिवडा खायला घेतला होता.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो मालकाच्या केबिनमध्ये गेला. मालक हेमराजशेठ केळीचे वेफर्स खात बसले होते.

"शेठ, बुधवारी मला रजा हवी होती."

शेठचा हात वेफर्सच्या पुडीतच थांबला. कुंदनने जणू कारखान्यातली चटई विणायची एखादी लूम घरी न्यायला मागितली होती.

"रजा? आपल्याकडे? अरे, आपल्याकडे वडिलांच्या वेळेपासून कोणी रजा घेतलेली नाही. हजेरी काढून बघ. सगळे हजर. मी व्यापारी चेंबरच्या मीटिंगमध्ये छाती ठोकून सांगतो."

"पण शेठ, कायद्याने वीस दिवस कामामागे एक दिवस भरपगारी रजा मिळते."

"कोणाला?"

"सगळ्यांना."

"तुलाही?"

"मलाही. म्हणजे... वर्षात ठरावीक दिवस भरले की."

"मग तुझे भरले?"

ते ठरावीक दिवस भरण्याचं कलम कुंदननेच दोन दिवसांपूर्वी, बोट वर करून, शेठना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. शेठनी तेव्हा मान डोलावली होती. आता कळलं की ते ऐकतही होते.

"बघ," शेठ वेफर चावत म्हणाले, "कायदाच तुला नाही म्हणतोय. मी कोण हो म्हणणारा? पण तू जा ना धुळ्याला. मी कुठे अडवतोय?"

"म्हणजे रजा दिली?"

"रजा नाही. जा मात्र. फक्त तुझी खुर्ची मला रिकामी दिसता कामा नये."

"म्हणजे काय, शेठ?"

"लताबाईला विचार. आणि जाताना दार लोटून घे, एसी चालू आहे."

लताबाई गेटवर बसायच्या. हजेरी त्यांच्याकडे. कुंदन गेला तेव्हा त्या मेथी निवडत होत्या आणि डोळे मिटून होत्या.

"लताबाई, झोपलात की काय?"

"हजेरी घेतेय. बोलू नका." थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. "पाचवी लूम चालू झाली. हारुन हजर. सातवी खडखड करतेय, तिचा बेल्ट ढिला झालाय. तोताराम नाना हजर."

"तुम्ही हजेरी ऐकून घेता?"

"मग काय करू? अंगठ्याचं यंत्र आणलं होतं शेठनी. प्लॅस्टिकच्या सुताने पोरांचे अंगठे घासून सपाट झालेत. ते यंत्र कोणाला ओळखेना. एकदा तर त्याने सगळ्यांना लताबाई म्हणून दाखवलं. तेव्हापासून लूम वाजली की माणूस हजर. माणूस नसता तर लूम कोणी चालवली असती?"

हे म्हणणं बिनतोड होतं. तरी कुंदनच्या डोक्यात किडा वळवळला. तो सरळ आत, सातव्या लूमपाशी गेला. तिथे तोताराम नानांच्या जागी हारुनभाई उभे होते.

"हारुनभाई, तुमची तर पाचवी लूम ना? इथे तोताराम नाना पाहिजेत."

"साहेब, मीच तोताराम."

"तुम्ही हारुन आहात!"

"कालपर्यंत होतो. आज तोताराम. नाना गेला पहूरला, कापूस वेचायला. पुढच्या आठवड्यात तो हारुन होणार. ईदला तर तो तीन दिवस हारुन होता. लोक येऊन त्याला मुबारक देऊन गेले, साहेब. शिरखुर्मा पण त्याच्याच घरी पोचला."

"आणि पाचवीवर कोण आहे?"

"पाचवीवर मीच, पण ते मी नाही. म्हणजे माझा सावडवाला आहे."

मग कुंदनला उलगडा झाला. गावाकडे शेतात सावड असते. आज तू माझ्या वावरात ये, उद्या मी तुझ्या वावरात येतो, मजुरीचं नाव नाही. ही माणसं शेतं सोडून कारखान्यात आली तेव्हा डब्याबरोबर सावडही घेऊन आली. ज्याला सुट्टी हवी त्याने आपल्या जागी माणूस उभा करायचा. लूम वाजत राहते, लताबाई ऐकत राहतात, शेठ छाती ठोकत राहतात. रजा मागायची कोणाला गरजच नव्हती.

कुंदनला राग यायला हवा होता, पण त्याला भारी गंमत वाटली. तो दुपारपर्यंत प्रत्येक लूमपाशी जाऊन विचारत फिरला, "तू कोण?" आणि दर वेळी समोरून विचारणा झाली, "खरा की आजचा?"

पण कामिनीचा प्रश्न डोक्यात होताच. किती जणांना दिलीत? बुधवारी तिने तोंडावर विचारलं तर? निदान एक तरी खरीखुरी, कायद्याची, भरपगारी रजा आपल्या हातून दिली गेली पाहिजे, असं त्याने ठरवलं. पाळी सुटताना त्याने सगळ्यांना गेटपाशी उभं केलं आणि स्टुलावर चढला.

"मित्रांनो, तुमच्या सगळ्यांच्या रजा शिल्लक आहेत. भरपगारी. घरी बसायचं आणि पगार घ्यायचा. कोणाला हवी?"

कुठेतरी कोणीतरी डब्याचं झाकण लावलं.

तोताराम नाना पहूरहून नुकतेच परतले होते. डोक्याला रुमाल, रुमालाला कापसाचे धागे. ते पुढे आले.

"साहेब, कोनी मेलं का?"

"नाही, नाही."

"मंग लगीन आहे का कोनाचं?"

"नाही हो नाना. कारण लागत नाही. हक्क आहे तुमचा."

"कारण नाही तं मी घरी कसाले बसू? बायको इचारीन ना, काहून आले म्हनून. तिले काय सांगू? हक्कानं आलो?"

"हो, तसंच सांगा!"

"मंग ती मले दवाखान्यात नेईन."

लोक हसले, पण हारुनभाई हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "साहेब, सच्ची सांगा. काढून तर नाही ना टाकत? माझ्या चाच्याला त्याच्या मिलमध्ये असंच बोलले होते. जा, आराम करा, पगारी आहे. तो अजून आराम करतोय."

या वाक्याने काम केलं. गर्दी अशी पांगली की स्टुलावर कुंदन एकटा उरला. दुसऱ्या दिवशी कधी नव्हे ते सगळे आपापल्या नावाने, आपापल्या लूमवर, वेळेआधी हजर होते. लताबाई म्हणाल्या, "आज कारखाना वेगळाच वाजतोय बाई."

रजा तर कोणी घेईना. आणि बुधवार तोंडावर आलेला. शेवटी कुंदनने कायदा टेबलावर ठेवला आणि तोताराम नानांना गाठलं.

"नाना, बुधवारी माझ्या खुर्चीत बसाल? सावड."

नानांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "बसू ना. त्यात काय. पन आमच्यात नवा गडी आधी सावड फेडतो. उद्या तुमी सातवी चालवा. माह्याकडं केळीच्या बागेत पानी सोडायचं आहे."

"मला लूम चालवता येत नाही, नाना."

"मले कुठं खुर्ची चालवता येते?"

हे रास्त होतं. नानांनी त्याला उभ्याउभ्या शिकवलं. हे बटन चालू. हे सूत तुटलं की गाठ. हा रंग संपला की तो. आणि नाना गेले. लूम सुरू झाली, चटई सुरू झाली, लताबाईंनी नाना हजर मांडले, सगळं झकास. मग चटई पूर्ण झाली. कुंदनच्या लक्षात आलं की बंद कसं करायचं ते नानांनी सांगितलं नाही. त्याने हाका मारल्या, पण लूमच्या आवाजात हाक कोणाला ऐकू जाते? चटई पुढे सरकत राहिली. लाल झाली, हिरवी झाली, मोर आले, परत लाल झाली, पुन्हा मोर. ती दाराबाहेर पडली, पायऱ्या उतरली, आणि गेटपाशी लताबाईंच्या पायाला लागली, तेव्हा त्या उठून आत आल्या आणि भिंतीवरचा मेन स्विच खाली केला.

"नाना कधी असं करत नाहीत," त्या कुंदनकडे बघून एवढंच म्हणाल्या.

सावड मात्र फिटली. शब्द म्हणजे शब्द. बुधवारी सकाळी तोताराम नाना कुंदनचा इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले. शर्टाचं पोटावरचं बटन लागत नव्हतं, तिथे त्यांनी फाइल धरली.

"नाना, काही करायचं नाही. नुसतं बसायचं. कोणी काही विचारलं तर म्हणा, साहेब उद्या बघतील."

"बरं."

"आणि कोणी रजा मागितली तर नाही म्हणायचं नाही. तो हक्क आहे. डाव्या खणात अर्ज आहेत." हे कुंदनने उगाच, दारातून वळून, जाता जाता सांगितलं. चार महिन्यांत कोणी मागितली नव्हती. आज कोण मागणार होतं?

मग तो आईला घेऊन धुळ्याच्या बसमध्ये बसला.

धुळ्याला अभिमन आबांनी चौथ्यांदा दाढी केली होती. कुंदन खरोखर दारात उभा आहे हे बघून ते इतके चकित झाले की "या" म्हणायचं विसरले. कामिनीची आत्या आतून बाहेर येऊन त्याच्याकडे टक लावून बघत म्हणाली, "हाऊ खरा शे का?"

"खरा शे, आक्का," आबा म्हणाले. "बस, भाऊ, बस."

पोहे आले. शेवंताबाईंनी पोह्यांची तारीफ केली, आबांनी पावसापाण्याचं काढलं, आत्याने कुंदनचा पगार, शेती, चष्म्याचा नंबर आणि पोटाचे विकार हे सगळं एका दमात विचारून घेतलं. मग दोघांना बोलायला म्हणून मागच्या अंगणात पाठवलं. तिथे वाळत घातलेल्या कुरडयांवर कावळे येऊ नयेत म्हणून कामिनीने आधी काठी हातात घेतली आणि मग बोलायला सुरुवात केली.

"मिळाली वाटतं रजा."

कुंदन मनात घोकून आला होता, की म्हणायचं, माझी मीच मंजूर केली. पण हातात काठी घेतलेल्या माणसाशी खोटं बोलवत नाही.

"खरं सांगू? मी रजेवर नाही. कायद्याने माझी रजा अजून बसतच नाही. मी आत्ता जळगावला, खुर्चीत बसलोय."

"मग इथे कोण आहे?"

"इथे मी आहे. तिथे तोताराम नाना आहेत. म्हणजे तिथे तेच मी."

कामिनीने एक कावळा हाकलला. "नीट सांगा. मला ऐकायचंय."

मग त्याने सगळं सांगितलं. कानाने घेतलेली हजेरी, ईदच्या मुबारका, स्टुलावरचं भाषण, गेटपर्यंत गेलेली चटई. कामिनी मधे मधे विचारत होती. शिरखुर्मा नानांनी खाल्ला का? अंगठ्याचं यंत्र आता कुठे आहे? मोर किती आले? शेवटी ती इतकी हसली की एक कावळा खरोखर कुरडई घेऊन गेला.

"म्हणजे रजा मिळत नव्हती, तरी आलात."

"आलो."

"मग हरकत नाही," ती म्हणाली आणि काठी खाली ठेवली. हाच होकार होता, हे कुंदनला आत जाईपर्यंत कळलं नाही.

आबांनी सुपारीचं ताट मांडायला सांगितलं. पाच माणसांसमोर सुपारी फोडली की लग्न पक्कं. आबा अडकित्ता शोधत होते, तेवढ्यात गल्लीत एक टेम्पो येऊन थांबला. मागचा फाळका पडला आणि त्यातून अख्खा कारखाना खाली उतरला.

सगळ्यांत पुढे तोताराम नाना. अंगात कुंदनचा शर्ट, पोटाशी फाइल. मागे हारुनभाई, डोक्याला नवी टोपी, हातात मिठाईचा पुडा. त्यांच्यामागे पहिल्या लूमपासून शेवटच्या लूमपर्यंत सगळे.

"ह्या बठ्ठा कोन शेतस?" आत्याने सगळ्यांवरून बोट फिरवत विचारलं.

कुंदन दारात धावला. "नाना! तुम्ही इथे? खुर्ची?"

"आहे ना जागेवर. खुर्चीले काय व्हतं?" नाना ओट्यावर टेकले. "तुमी गेले अन् हारुन आला. म्हने, नाना, तुमी आता साहेब, आपल्यातलेच, म्हनून इचारतो, ते रजेचं खरं आहे का? मी म्हनलं खरं आहे. मंग दे म्हने. तुमी सांगेल व्हतं, नाही म्हनायचं नाही. मी नाही म्हनलं नाही."

"साहेब, तुमच्याकडे मागायची भीती वाटायची," हारुनभाईंनी खुलासा केला. "नानाला कोण भिणार? एकाला दिली, मग सगळे आले."

"सगळ्यांना? एकाच दिवशी?"

"मंग काय करू? एकाले देऊ अन् दुसऱ्याले नाही? बरं, अर्जात एक घर आहे कारणाचं. मी म्हनलं, कारण सांगा, ते रिकामं ठेवनं काही बरं दिसत नाही. कोनालेच कारण सापडेना. कोनी मेलं नाही, काही नाही. मंग लक्षात आलं, साहेबाची सुपारी आहे ना! बठ्ठ्यांच्या अर्जावर तेच घातलं. अन् एकदा घातलं म्हनजे यावंच लागीन. पत्ता तुमच्या शर्टाच्या खिशात सापडला. उगा खोटं कारण द्यायचं का सरकारी कागदावर?"

अभिमन आबा भारावले होते. भावी जावयाच्या सुपारीला अख्खी कंपनी बंद होते, हे त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक दारात जाऊन सांगितलं. "पाहुण्यांचा स्टाफ आला आहे! पगारी रजा टाकून!"

"पगारी?" शेजारचे एक गृहस्थ लुंगी सावरत बाहेर आले आणि हारुनभाईंकडे असं बघू लागले, जसं लोक परदेशातून आलेल्याकडे बघतात.

"आता यांना उपाशी ठेवून सुपारी कशी फोडायची?" आबा म्हणाले. अडकित्ता परत कपाटात गेला. भरिताची वांगी आली, अंगणात कपाशीच्या काड्या पेटल्या, नानांनी बाह्या सरसावल्या. आत्या म्हणाली, "बठ्ठासले भाकरी मी एकली करू का?" तेव्हा लूमवाल्यांतले चौघे भाकरी थापायला बसले. त्यांच्या भाकरी चटईसारख्या लांबट होत होत्या, पण खायला चांगल्या होत्या.

त्या गोंधळात कुंदनचा फोन वाजला. शेठ.

"कुंदन! लताबाई म्हणते काही ऐकू येत नाही. मी म्हटलं हिच्या कानात बिघाड. आत येऊन बघतो तर एक लूम चालू नाही! माणूस नाही! तू कुठे आहेस?"

"शेठ, मी... खुर्चीत..."

"खुर्चीत मी बसलोय!"

"मग रिकामी नाही ना, शेठ."

हे कुंदनच्या तोंडून कसं निघालं ते त्यालाच कळलं नाही. पलीकडे खुर्ची करकरली. मग शेठ म्हणाले, "पत्ता पाठव."

शेठची गाडी आली तेव्हा पंगत बसली होती. शेठ लालबुंद होऊन उतरले. तोंड उघडलं. त्या उघड्या तोंडात आबांनी पेढा घातला. मग टोपी, उपरणं, नारळ. आत्याने ओवाळलं. आबांनी गल्लीला ओळख करून दिली, "हे मालक! सगळ्यांना रजा देऊन स्वतः आले! असा मालक जळगावात दुसरा नाही!" गल्लीने टाळ्या वाजवल्या. शेजारच्या लुंगीवाल्या गृहस्थांनी शेठना विचारलं की तुमच्याकडे जागा आहे का. शेठना रागवायचं होतं, पण मांडीवर नारळ असताना रागवायचं कसं हे त्यांना सुचेना. त्यांनी भरीत घेतलं. दुसऱ्यांदा घेतलं. मग कुंदनकडे झुकून हळूच म्हणाले, "हे कायद्यात आहे? सगळे एकदम?"

"हक्क आहे, शेठ. पण पंधरा दिवस आधी अर्ज द्यावा असंही आहे."

"मग हे नानाला का नाही सांगितलंस?"

"नानांनी विचारलं नाही, शेठ."

कामिनी पाणी वाढत होती. ती थांबून म्हणाली, "शेठजी, यांची सोडून सगळ्यांची रजा झाली की हो. यांना एकट्यालाच मिळाली नाही." शेठनी पाण्याचा पेला हातात घेतला, तिच्याकडे पाहिलं, कुंदनकडे पाहिलं, आणि म्हणाले, "दिली. आजची दिली. लेखी पाहिजे?"

"हो," कामिनी म्हणाली.

शेठनी नानांच्या फाइलीतून कोरा अर्ज काढून तिथल्या तिथे सही केली. कारणाच्या घरात त्यांनी विचार करून लिहिलं: हक्क.

पंगत उठली. सुपारीचं ताट पुन्हा मांडलं. अडकित्ता सापडला. शेठ उजव्या हाताला, नाना डाव्या हाताला, पाच माणसांच्या जागी साठ. शेठच्या खिशात मघापासून एक अनोळखी नंबर वाजत होता. त्यांनी तो तीनदा कापला. आबांनी अडकित्ता उघडला आणि दारातून कोणीतरी म्हणालं, "थांबा, मला दिसू द्या."

लताबाई होत्या. एसटीने आल्या होत्या, पदर खोचलेला, हातात पिशवी. नानांनी त्यांनाही रजा दिली होती. पण शेठ आत बसलेले होते म्हणून त्या थांबल्या होत्या. शेठ गेले तशा त्या निघाल्या.

"या, या," आबा म्हणाले. लताबाई बसल्या, पोहे घेतले, कमरेची किल्ली टोचत होती म्हणून ती काढून ताटलीशेजारी ठेवली.

"गेट बंद केलंत ना?" शेठनी विचारलं.

"कुलूप घातलं. चांगलं ओढून बघितलं."

"आत कोणी नाही ना?"

"कोणी नाही. ते एक साहेब सोडून."

"कोण साहेब?"

"सरकारी. रजेचं काहीतरी तपासायचंय म्हणाले. म्हटलं, सगळे रजेवर आहेत. ते म्हणाले, असं कसं, मग मला कागद बघू द्या. कुंदनसाहेबांच्या खोलीत बसवलं. कागद बघत होते बिचारे. म्हटलं बघू देत, आपण कशाला मधे पडा."

शेठनी खिशातून फोन काढला आणि त्या अनोळखी नंबराकडे पाहिलं. तो आता वाजायचा थांबला होता.

पुढचं सगळं फार वेगाने झालं. कागदांच्या कपाटातलं काय कुठे आहे हे कुंदनशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्याला गाडीत घालण्यात आलं. कुलूप लताबाईंचं, त्यामुळे त्याही. आबा अडकित्ता घेऊन गाडीमागे धावले, "अहो, सुपारी!" तेव्हा कामिनीने त्यांच्या हातातून सुपारी घेतली, चपला घातल्या आणि गाडीचं दार उघडलं.

"तू कुठे?" शेवंताबाईंनी विचारलं.

"माझी रजा दिवसभराची आहे," ती म्हणाली. "अर्ध्यात कशाला संपवू? जळगावला फोडू."

ती कुंदनशेजारी बसली. मागून टेम्पोत सगळे चढले, नानांनी अडकित्ता घेतला, आबा, आत्या आणि शेवंताबाईही चढले, आणि वरात नसताना वरातीसारखी मिरवणूक जळगावच्या रस्त्याला लागली. पारोळा गेलं. शेठ गाडी हाकत स्वतःशी पुटपुटत होते. कामिनीने कुंदनला विचारलं की तपासणीवाल्या साहेबांना स्वतःला किती रजा असतात, आणि कुंदनला ते माहीत नव्हतं.

एरंडोल मागे पडल्यावर लताबाईंनी कमर चाचपली, मग पिशवी उघडून बघितली. किल्ली धुळ्याला, पोह्यांच्या ताटलीशेजारी राहिली होती.